पडद्याच्या उजव्या काठावर

“रिकामा आहे! तो कप रिकामा आहे!”

जर्सी सिटीतल्या आमच्या जुन्या विटांच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची मशिन्स होती आणि भिंतीवर एक टीव्ही टांगलेला होता. त्या टीव्हीकडे बघून ऐंशी ओलांडलेला एक गोरा म्हातारा ओरडत होता आणि ओरडता ओरडता ड्रायरच्या पत्र्यावर मूठ आपटत होता. टीव्हीवर एक देखणा नट कॉफी पीत पीत एका देखण्या नटीची समजूत काढत होता. मी कपड्यांची टोपली पोटाशी धरून दारातच थांबले. अमेरिकेत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, एवढं बजावून नवरा रोज ऑफिसला जात असे.

म्हातारा माझ्याकडे वळला. “तू सांग. आहे त्या कपात काही?”

मी पाहिलं. नट तावातावानं हातवारे करत होता आणि हातातला कप त्याच्याबरोबर हवेत नाचत होता. भरलेला कप असा कुणी धरत नाही. नाही, म्हटलं, काही नाही त्यात. त्यानं माझे आभार मानले आणि धुसफुसतच तो चादरीची घडी घालू लागला.

तुम्ही आजवर हे पाहिलं नसेल तर सुखी आहात. एकदा दिसायला लागलं की सुटका नाही. पुढच्या आठवड्यात त्याच टीव्हीवर एक बाई घर सोडून निघाली. डोळ्यांत पाणी, हातात भलीमोठी सूटकेस, आणि ती सूटकेस भाजीच्या पिशवीसारखी हलवत ती जिना उतरली. या वेळी मूठ आपटायच्या आत मीच बोलले, “रिकामी.” बत्तीस बत्तीस किलोच्या दोन बॅगा नागपूरहून इथवर आणलेली बाई होते मी. भाजणी, लोणचं, प्रेशर कुकर आणि एम.ए.ची पुस्तकं भरलेली बॅग उचलली की खांदा कसा उतरतो, ते मला कुणी सांगायला नको होतं. घर सोडणाऱ्या बाईची बॅग इतकी हलकी असते होय? म्हातारबुवांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मी कुठली ते विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्यापुरतं माझं नाव ‘नागपूर’ पडलं.

ते नट होते. हे त्यांनी मला बसवून कधीच सांगितलं नाही. ते चिडत, आणि चिडताना थोडी थोडी माहिती बाहेर पडे. काळ्यापांढऱ्या सिनेमाच्या भरात ते हॉलिवूडच्या एका स्टुडिओत पगारावर होते. वेटर, दरवान, लिफ्टवाला, हॉटेलातला कारकून, कोर्टातला शिपाई, “या बाजूनं, साहेब” एवढंच म्हणणारा पोलीस. असे शेकडो सिनेमे. त्यातल्या कित्येकांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. सकाळी जायचं, मिळतील ते कपडे घालायचे आणि सांगतील तिथं उभं राहायचं. एकदा सकाळी ते काउबॉयच्या सिनेमात गोळी लागून मेले आणि दुपारी शेजारच्या सेटवर एका मेजवानीत सूप वाढायला हजर झाले. केसांत वाळवंटातली धूळ तशीच होती, ती सूपमध्ये पडली. दिग्दर्शक अंगावर आला, तर यांनी त्यालाच सुनावलं, की मेलेल्या माणसाला अंघोळीपुरती तरी सुट्टी देत जा.

सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात, त्यांत यांचं नाव नसे. त्याबद्दल ते कधी चिडले नाहीत. चिडायचे ते कपावरून. आपण वाढू ती कॉफी खरी हवी आणि गरम हवी, हा त्यांचा नियम. सेटवरचा माणूस रिकामी किटली हातात द्यायचा आणि हे कोपऱ्यात जाऊन ती भरून आणायचे. एकदा एका मोठ्या नटीनं सवयीनं कप ओठाला लावला आणि तिचा ओठ भाजला. यांना त्या स्टुडिओचं दार बरेच महिने बंद झालं. घरी बायको आणि लहान मुलगी होती, भाडं थकलं होतं. मी विचारलं, मग वाईट नाही वाटलं?

“त्या अख्ख्या सिनेमात तिच्या चेहऱ्यावर खरं असं तेवढंच आलं,” ते म्हणाले.

तुला या म्हाताऱ्यात एवढं काय सापडलं, असं माझा नवरा, नितीन, विचारायचा. राग सापडला, दुसरं काय! मी नागपुरात कॉलेजात शिकवत होते. इथं माझ्या व्हिसाचा अर्थच असा होता, की ही बाई नवऱ्याच्या आधारानं आलेली आहे आणि हिनं पगाराचं काम करायचं नाही. फोनवर सासूबाई विचारायच्या, मग दिवसभर करतेस तरी काय? पार्टीत तोच प्रश्न यायचा आणि मी तोंड उघडायच्या आत नितीन उत्तर द्यायचा, “ती सध्या मस्त एन्जॉय करतेय.” मी चारचौघांत हसायचे आणि घरी येऊन भांडी आदळायचे. मुळात नितीन वाईट नाही. पण माझं उत्तर माझ्या आधी देण्याची त्या काळात त्याला सवय लागली होती आणि त्यात काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

म्हाताऱ्यांनीही एकदा विचारलं, काय करतेस? मी पाठ झालेलं सांगितलं, की माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यांनी साबणाचा डबा खाडकन खाली ठेवला. “मी नवऱ्याचं विचारलं नाही.” मग मी शिकवण्याबद्दल सांगत सुटले. माझे कपडे वाळून थंड झाले तरी मी बोलतच होते, आणि ते ऐकत होते. ऐकणं हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. हिरो बोलतो तेव्हा मागे कुणीतरी उभं राहून ऐकावं लागतं.

त्या दिवाळीला आम्ही इथल्या मराठी मंडळासाठी एक नाटक बसवत होतो. तालमी आमच्या हॉलमध्ये चालायच्या. मला शेजारीणबाईंचं काम होतं. चहाचा ट्रे घेऊन यायचं, “घ्या बाई, गरम आहे तोवर” म्हणायचं आणि जायचं. एका संध्याकाळी आवाज फार होतोय म्हणून तक्रार करायला म्हातारबुवा वर आले आणि तक्रार विसरून सोफ्यावर बसले. मी ट्रे घेऊन आत आले मात्र, त्यांनी तालीम थांबवली. कप रिकामे आहेत!

आमचे दिग्दर्शक पुण्याचे. त्यांना कुणी काही शिकवलेलं खपत नसे. ते मला म्हणाले, “अहो, यांना मराठीचं ओ की ठो कळत नाही, यांना नाटकातलं काय कळणार? इट्स जस्ट अ प्रॉप, यार.”

“भाषा कळत नाही म्हणूनच कप दिसतोय त्यांना,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण दिग्दर्शक वही उघडून पुढचा सीन शोधू लागले.

प्रयोगाच्या दिवशी मी आलं-वेलची घालून खरा चहा केला. थर्मासमधून विंगेत नेला आणि ट्रे भरून स्टेजवर आणला. ट्रे जड होता, पावलं आपोआप जपून पडली, आणि “गरम आहे तोवर” हे वाक्य पहिल्यांदाच खरं निघालं. इथवर ठीक होतं. पण शाळेच्या त्या बंद हॉलमध्ये चहाचा वास पसरला आणि पुढच्या चार रांगांतली मंडळी मध्यंतर झालं समजून उठली. कुणी चपला शोधतंय, कुणी वडे कुठं आहेत म्हणून विचारतंय. आमचा हिरो अख्खा कप पिऊन वाक्य विसरला. आणि पहिल्या रांगेत टाय लावून बसलेले म्हातारबुवा उभे राहून प्रेक्षकांवर गरजत होते, “सिट डाऊन! तिचा सीन चालू आहे!”

तेव्हापासून अख्ख्या मंडळात ते ‘कपकाका’ झाले. मी त्यांना काका या शब्दाचा अर्थ सांगितला. म्हणाले, “मी एकदाच काका झालो होतो. शवपेटीत होतो. पापणी हलली म्हणून तोही सीन कापला.”

त्यांना मुलगी होती, पेनसिल्व्हेनियात. नाताळला तिचा फोन यायचा आणि लगेच संपायचा. तिचं म्हणणं काय, ते मला पुढे कळलं. लहानपणी आई तिला सिनेमाला न्यायची, वडील दाखवायला. अंधारात आई बोट करायची, तो बघ, आणि ही बघेपर्यंत बाप पडद्यावरून गेलेला असायचा. घरीही तेच. सकाळी ही उठायच्या आत गेलेला, रात्री झोपल्यावर आलेला. पडद्यावरही नसतो आणि घरीही नसतो, तर हा माणूस असतो कुठं? मोठी झाल्यावर तिनं बघायचंच सोडून दिलं.

आणि मग एका वर्षी जवळच्या वाचनालयातून त्यांना फोन आला. शनिवारी दुपारी ते लोक जुने सिनेमे दाखवत. या वेळी जो सिनेमा दाखवणार होते, त्यात काम केलेला एक नट याच भागात राहतो हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तुम्ही पाहुणे म्हणून याल का?

तो सिनेमा कोणता, हे ऐकून कपकाका खुर्चीत बसले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात खरी अशी एकच भूमिका होती आणि ती त्या सिनेमात होती. रेल्वे स्टेशनातलं खानावळवजा हॉटेल. हिरॉइन एका टेबलाशी बसून कुणाची तरी वाट बघतेय. तो येणार नाही, हे तिच्या आधी वेटरला कळलेलं आहे. वेटर काही बोलत नाही. येतो, कप भरतो, दूर जाऊन उभा राहतो, तिच्याकडे बघतो. पुन्हा येतो, पुन्हा भरतो. सगळा सीन त्या बघण्यावर आहे. दिग्दर्शकानं पडदा रुंद आहे म्हणून मुद्दाम तिला डाव्या टोकाला बसवलं होतं आणि यांना उजव्या टोकाला उभं केलं होतं, मध्ये नुसती रिकामी टेबलं. आणि कॉफी खरी होती.

त्यांनी मुलीला फोन केला. ये, म्हणाले, या वेळी तुला शोधावं लागणार नाही. मी तिथंच उभा आहे, बराच वेळ. ती हो म्हणाली. त्या आठवड्यात या माणसानं ड्रायरवर मूठ आपटली नाही. टाय कोणता लावू, हे मला विचारून घेतलं. शनिवारी मी काही झालं तरी ओरडणार नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं, जसं काही ओरडणार मीच होते.

शनिवारी वाचनालयाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. कपकाका पुढे, शेजारी मुलगी, आणि तिच्या शेजारी मी. मुलगी पन्नाशीची, नीटनेटकी, कोट न काढता बसलेली. संयोजकांनी हसतमुखानं ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, दिवे गेले.

तो सीन आला. हिरॉइन एकटी बसलेली. पडदाभर तीच. आणि उजवीकडून एक हात आला. हातात किटली. कप भरला, वाफ वर आली, हात गेला. हिरॉइननं मान वर करून बघितलं, कुणाकडे तरी, बराच वेळ, आणि तिचे डोळे भरून आले. पण ती ज्याच्याकडे बघत होती तो माणूस पडद्यावर नव्हता. पुन्हा हात आला. पुन्हा गेला.

मुलीनं वडिलांकडे वाकून हळूच विचारलं, “डॅड, यात तुम्ही कुठं आहात?”

“तो हात,” ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं होतं ते मला त्यांच्या चिडण्यामुळेच ठाऊक होतं. थिएटरचा पडदा रुंद, आणि तेव्हाचे आपले टीव्ही जवळजवळ चौकोनी. मग टीव्हीसाठी सिनेमा कापायचा. मोठी नावं जिकडे असतील तो भाग ठेवायचा, उरलेली कड फेकून द्यायची. रुंद चित्र ठेवलं तर टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, म्हणून बाजारात एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी असायच्या, एक अख्खी आणि एक कापलेली. संयोजकांनी कापलेली लावली होती.

दिवे लागले तशी मी त्यांना गाठलं. अख्खी डीव्हीडी मिळाली नाही का, विचारलं. मिळाली ना, ते म्हणाले, कपाटात दोन्ही आहेत. पण लोक काळ्या पट्ट्यांबद्दल तक्रार करतात.

“अहो, ज्यांना तुम्ही पाहुणे म्हणून बोलावलं त्यांनाच तुम्ही कापलंत,” मी इंग्रजीत ओरडले. लोक वळून बघायला लागले. बघू देत.

त्यांना खरोखरच कळलं नाही. त्या गृहस्थांचा हसरा चेहरा मला आजही आठवतो आणि आजही हात शिवशिवतात. “पण मॅडम,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “गोष्ट तर सगळी आहे ना त्यात.”

गोष्ट सगळी आहे! हेच वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं होतं. नवऱ्याला नोकरी आहे, घर आहे, गाडी आहे, गोष्ट सगळी आहे. मग कडेला उभी असलेली बाई नसली म्हणून काय बिघडलं?

मी कपकाकांकडे पाहिलं. वाटलं, आता मूठ आपटेल. आपटायलाच हवी होती. एका रिकाम्या कपासाठी ड्रायर बडवणारा माणूस! ते संयोजकांकडे गेले, त्यांचा हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले. मग दरवाज्याशी जाऊन त्यांनी दार उघडून धरलं. लोक बोलत बोलत बाहेर पडत होते आणि हे पाठ ताठ ठेवून दार धरून उभे होते. दोघांचौघांनी न बघता थँक्यू म्हटलं. मुलगीही त्याच दारातून गेली. गाडीपाशी तिनं त्यांना एका हातानं जवळ घेतलं आणि रस्ता लांबचा आहे म्हणून निघून गेली.

मी हट्टाला पेटले. वाचनालयाच्या डीव्हीडीला हात लावायची इच्छा नव्हती, म्हणून नितीनच्या मागे लागून अख्खी डीव्हीडी विकत मागवली आणि ती घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी आत घेतलं, चहा विचारला, पण डीव्हीडी लावू दिली नाही.

“मला काय दाखवतेस, नागपूर? मी तिथं होतो.”

मग मुलीला पाठवू का, विचारलं. नको म्हणाले. तिनं खूप शोधलं, आता तिला दमवू नकोस. मला त्यांचा असा संताप आला, की मी चहा न घेताच परतले. त्यानंतर ते तळघरात यायचे, टीव्हीवरचे रिकामे कप बघायचे आणि गप्प बसायचे. मीच ओरडायचे. मी ओरडले की किंचित हसायचे.

त्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ते गेले. हॉस्पिटलात तीन-चार दिवस काढले असतील. घर रिकामं करायला मुलगी आली, तेव्हा मी जिन्यात तिला अडवलं. चल, म्हटलं. ती म्हणाली, वेळ नाही, बरंच आवरायचंय. मी तिच्या हातातलं खोकं काढून खाली ठेवलं. त्या वेळी माझा चेहरा बघून तिला नाही म्हणता आलं नसावं.

आमचा टीव्ही लहानसा. वर-खाली जाड काळ्या पट्ट्या, मध्ये चिंचोळं चित्र. पण अख्खं. डावीकडे हिरॉइन आणि उजव्या काठावर पांढऱ्या ॲप्रनमध्ये ते, तरुण, किटली हातात धरून. जड किटली धरल्यावर खांदा जसा उतरतो तसा उतरलेला. ते तिच्याकडे बघत होते. बोलता येत नाही, जवळ जाता येत नाही, आणि सोडून निघूनही जाता येत नाही, अशा माणसाचं ते बघणं होतं.

मुलगी सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. सीन संपला तरी मागे वळली नाही.

“मी लहान असताना,” ती म्हणाली, “काम नसायचं त्या महिन्यांत ते मला स्कूलबसपाशी सोडायला यायचे. बस हलेपर्यंत असेच उभे राहायचे. असेच बघायचे. मला वाटायचं, ॲक्टिंग करतायत.”

मी तिला चहा दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला, आणि डीव्हीडी मागून घेतली.

आता आम्ही जर्सी सिटी सोडून अ‍ॅशबर्न गावी राहतो. मला कामाचा परवाना मिळाला, मी पुन्हा शिकवते, आणि पार्टीत कुणी काही विचारलं की नितीन माझ्याकडे बघून थांबतो. घरात नवा टीव्ही आला, चांगला रुंद. मला वाटलं होतं, आता तरी कात्री थांबेल. मागच्या रविवारी कुठल्याशा चॅनलवर तोच सिनेमा लागला. तीच जुनी कापलेली प्रत. आता पडदा रुंद आणि चित्र चौकोनी, म्हणून काळ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना, उभ्या. पडद्यावर जागा आहे हो, भरपूर आहे. पण बरोबर जिथं ते उभे असायला हवेत, तिथं काळं आहे.

त्या उजव्या काळ्या पट्टीतून हात आला. किटली कलली, वाफ वर आली.

“बदलू का चॅनल?” नितीननं विचारलं. माझा श्वास त्याला ऐकू गेला असावा.

“थांब,” मी म्हटलं. “कप भरू दे त्यांना.”